न चमकलेली स्लाइड: रेबीजच्या एफएटीमध्ये 'निगेटिव्ह' कधी म्हणायचं

एफएटीसाठी, म्हणजे फ्लुरोसंट अँटिबॉडी टेस्टसाठी, तयार केलेली पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूची स्लाइड फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली आली की काळ्याभोर फील्डवर पोपटी ठिपके पेटतात. इंग्रजी मॅन्युअलमध्ये या रंगाला सफरचंदी हिरवा म्हणतात, पण आपला पोपटी हाच शब्द जास्त नेमका बसतो. ती स्लाइड नवखा टेक्निशियनसुद्धा ओळखतो. खरी परीक्षा असते चाळीस फील्ड पाहूनही काहीच चमकलं नाही तेव्हाची. तिथे 'रेबीज नाही' असं लिहायचं, की 'सांगता येत नाही' असं लिहायचं? या टेस्टमधल्या जवळपास सगळ्या बारीकसारीक अटी त्या दुसऱ्या प्रकारच्या स्लाइडसाठी आहेत, हे एकदा लक्षात आलं की प्रोटोकॉल पाठ करावा लागत नाही.

आधी तत्त्व, थोडक्यात. रेबीजच्या विषाणूत पाचच प्रोटीन असतात. त्यातलं न्यूक्लिओप्रोटीन, म्हणजे एन प्रोटीन, विषाणूच्या आरएनएला गुंडाळून बसतं. लागण झालेल्या चेतापेशीत ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतं आणि पेशीद्रवात त्याचे गोळे साचतात. याच गोळ्यांपैकी मोठे गोळे आडेल्की नेग्री यांनी 1903 मध्ये साध्या मायक्रोस्कोपखाली पाहिले. त्या नेग्री बॉडी. एन प्रोटीन भरपूर असतं आणि विषाणूच्या एका प्रकारातून दुसऱ्यात फारसं बदलत नाही, म्हणून निदानासाठी अँटिबॉडी त्याच्याविरुद्ध बनवतात. त्या अँटिबॉडीला फ्लुरेसिन आयसोथायोसायनेट, म्हणजे फिटसी, हा रंग रासायनिक बंधाने जोडलेला असतो. जोडलेल्या अँटिबॉडीला लॅबमध्ये सगळे कॉन्जुगेट म्हणतात. ती स्मिअरवर, म्हणजे स्लाइडवर लावलेल्या मेंदूच्या पातळ थरावर, टाकायची, जिथे एन प्रोटीन असेल तिथे ती चिकटते, बाकीची धुऊन जाते. साधारण 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकला की चिकटलेली जागा 520 च्या आसपास हिरवी उजळते.

अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडायची कल्पना अल्बर्ट कून्स यांची, 1940 च्या दशकाच्या सुरुवातीची. रेबीजसाठी ती गोल्डवॉसर आणि किसलिंग यांनी 1958 मध्ये वापरली. फिटसी हा टिकाऊ रंगही त्याच वर्षीचा. तेव्हापासून आजपर्यंत मेलेल्या जनावरातल्या रेबीजच्या निदानाची प्रमाण टेस्ट हीच आहे. पीसीआर आला तरी तिची जागा गेलेली नाही, कारण ताज्या मेंदूवर ती तीन-चार तासांत उत्तर देते आणि प्रोटीन कुठे, कसं साचलंय ते डोळ्याला दाखवते.

आता नमुना. निगेटिव्ह रिपोर्ट खोटा ठरतो तो बहुतेक वेळा इथेच.

विषाणू चाव्याच्या जागेवरून चेतातंतूंमधून, मज्जारज्जूमार्गे वर चढतो. मेंदूत तो सगळ्यात आधी आणि हमखास सापडतो तो ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात. त्यामुळे ब्रेनस्टेमचा पूर्ण आडवा काप आणि सेरेबेलम, म्हणजे लहान मेंदू, एवढं मिळालंच पाहिजे. सेरेबेलमचा मधला भाग आणि दोन्ही बाजूंच्या पाळ्या. तो मिळालाच नाही तर हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंचा. जुन्या लोकांना फक्त हिप्पोकॅम्पस काढून पाठवायची सवय असते. नेग्री बॉडी रंगवून शोधायच्या काळात ते ठीक होतं, कारण त्या मोठ्या चेतापेशी तिथे सहज दिसतात. एफएटीसाठी ती सवय सोडलेली बरी. नुसता हिप्पोकॅम्पस आला आणि पॉझिटिव्ह निघाला तर रिपोर्ट द्या. निगेटिव्ह निघाला तर तो निगेटिव्ह नाही.

'पूर्ण आडवा काप' यावर एवढा जोर का, तर लागण कधीकधी ब्रेनस्टेमच्या एकाच बाजूला असते. गाई, म्हशी, घोडे अशा मोठ्या जनावरांत हे विशेष घडतं. बोटाच्या पेराएवढा तुकडा एका बाजूचा उचलला आणि नेमका तोच कोरा निघाला, असं होऊ शकतं. जाता जाता, म्हशीच्या बाबतीत आणखी एक: लाळ गळतेय, गिळता येत नाहीये म्हणून घशात काहीतरी अडकलंय असं समजून घरचे लोक आणि कधी डॉक्टरही तोंडात हात घालतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की त्या सगळ्यांची यादी करावी लागते. म्हणून नमुन्याच्या फॉर्मवर 'कोणी कोणी हाताळलं' हा रकाना रिकामा घेऊ नका.

डोकं उघडायला इलेक्ट्रिक करवत वापरू नये, तुषार उडतात. हातकरवत किंवा छिन्नी-हातोडा. अंगावर जाड रबरी हातमोजे, आत कट न लागणारा दुसरा जोड, एन-95, फेसशील्ड. आणि काम करणाऱ्याचं लसीकरण आधीच झालेलं हवं, रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी 0.5 आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिलिलिटरच्या खाली गेली की बूस्टर. कवटी उघडायची सोय नसेल तर मागचा रस्ता आहे: मान वेगळी केल्यावर कवटीच्या मागच्या मोठ्या छिद्रातून 5 मिलिमीटरचा स्ट्रॉ किंवा 2 मिलिलिटरची प्लास्टिक पिपेट डोळ्याच्या दिशेने सरकवायची. वाटेत मेड्युला, सेरेबेलमचा तळ, हिप्पोकॅम्पस, कॉर्टेक्स असा सगळ्यांचा नमुना नळीत येतो. गावपातळीवर ही पद्धत फार उपयोगी आहे. फक्त नळीतला कुठला तुकडा कशाचा, हे काढतानाच लिहून ठेवायचं. नंतर सगळा एकच लगदा दिसतो.

नमुना थंड हवा, 2 ते 8 अंशावर, बर्फाच्या पॅकसकट दुहेरी पिशवीत. गोठवलेला चालतो, पण गोठवा-वितळवा असं दोन-तीनदा झालं की ऊतक पाणचट होतं आणि स्मिअर स्लाइडवर थांबत नाही. मे महिन्यात विदर्भातून एसटीने दिवसभर प्रवास करून आलेलं डोकं उघडलं की मेंदू हिरवट-करडा, पातळ, वास मारणारा. त्यातही एन प्रोटीन काही काळ टिकतं, म्हणून टेस्ट लावायला हरकत नाही. नियम तोच: चमकलं तर पॉझिटिव्ह, नाही चमकलं तर 'नमुना अयोग्य'. ग्लिसरॉल-सलाइनमध्ये आलेला तुकडा आधी पीबीएसने (फॉस्फेट बफर घातलेल्या सलाइनने) नीट धुवायचा, नाहीतर स्मिअर सुकत नाही. फॉर्मालिनमध्ये बुडवून आलेला तुकडा पाहिला की हात कपाळावर जातो. त्यावर आधी एन्झाइमने पचन करावं लागतं, ती पद्धत वेगळी, आणि ताज्या ऊतकाइतका तिचा भरवसा नाही. पाठवणाऱ्याला 'फॉर्मालिन नको' हे फोनवर सांगण्यापेक्षा डब्यावरच ठळक लिहून दिलेलं जास्त लागू पडतं.

स्मिअर. मला विचाराल तर अर्धी टेस्ट इथे जिंकली किंवा हरली जाते. ब्रेनस्टेमचा काप कागदावर ठेवायचा, कापलेली बाजू वर. स्वच्छ स्लाइड त्यावर हलकेच टेकवून उचलायची. मग स्लाइड टिश्यू पेपरवर अलगद दाबून जादा ऊतक काढून टाकायचं. हे दाबणं लोक टाळतात, कारण 'जास्त ऊतक म्हणजे जास्त विषाणू' असं वाटतं. होतं उलटंच. जाड स्मिअरमध्ये पेशी एकावर एक बसतात, वरच्या थराची अंधुक चमक खालच्या थराच्या ठिपक्यांवर पसरते, फोकस एका पातळीवर मिळत नाही, आणि धुताना अख्खा पापुद्रा निघून कॉप्लिन जारमध्ये, म्हणजे स्लाइड उभ्या बुडवायच्या खाचांच्या भांड्यात, तरंगतो. तोच पापुद्रा शेजारच्या स्लाइडवर जाऊन बसला की निगेटिव्ह कुत्रं पॉझिटिव्ह! बरोबर जमलेली स्मिअर उजेडात धरली की श्वासाने धुरकटलेल्या चष्म्याच्या काचेसारखी दिसते. त्यातून मागची अक्षरं वाचता आली पाहिजेत.

हवेत 15 ते 30 मिनिटं सुकवून मग अ‍ॅसिटोनमध्ये, उणे 20 अंशावर, किमान एक तास. रात्रभर ठेवलं तरी चालतं. अ‍ॅसिटोन दोन कामं करतं: पेशींची पटलं विरघळवून अँटिबॉडीला आत वाट देतं आणि प्रोटीन जागच्या जागी बसवतं. अर्धवट सुकलेली स्लाइड आत घातली तर ओलाव्यामुळे स्मिअर पांढुरकी होऊन सुटते. प्रत्येक जनावराला वेगळा कॉप्लिन जार, आणि कंट्रोलला त्याहून वेगळा. अ‍ॅसिटोन दर वेळी नवं. महाग वाटतं, पण एका पॉझिटिव्ह मेंदूचे कण त्याच अ‍ॅसिटोनमधून चार निगेटिव्ह स्लाइडवर चढले की होणारा गोंधळ त्याहून महाग पडतो. फ्रीजर साधा घरगुती असेल तर अ‍ॅसिटोनची वाफ आणि दरवाजाच्या स्विचची ठिणगी यांची गाठ पडू शकते. स्फोटरोधक फ्रीजरच वापरावा. आणि एक गैरसमज: अ‍ॅसिटोनमधून काढलेली स्लाइड 'मेलेली' नसते. विषाणू पूर्ण निष्क्रिय झाला असं धरून तिला उघड्या हाताने धरू नका.

अ‍ॅसिटोनमधून काढून हवेत सुकवल्यावर कॉन्जुगेट. ते सिरिंजला 0.45 मायक्रॉनचा, प्रोटीन न धरणारा फिल्टर लावून थेंबाथेंबाने सोडायचं. साठवणीत अँटिबॉडीचे बारीक गठ्ठे होतात. ते गाळले नाहीत तर स्लाइडवर बसून पोपटीच चमकतात आणि नवख्या डोळ्याला अगदी विषाणूसारखे वाटतात. वर्तुळ पूर्ण झाकेल एवढा थेंब पुरे, साधारण 50 मायक्रोलिटर. मग दमट डब्यात 37 अंशावर 30 मिनिटं. दमट डबा म्हणजे काही विशेष नाही: झाकणाचा डबा, तळाला ओला टिश्यू, त्यावर दोन काड्या, काड्यांवर स्लाइड. डबा इनक्यूबेटरमध्ये आधीच तापवून ठेवा. आणि सपाट आहे ना ते पाहा. डबा कलला की थेंब एका कडेला जातो, दुसरी कड सुकते, आणि सुकलेल्या कॉन्जुगेटची चमक पीबीएसच्या बापालाही निघत नाही. अशा कडेवरचं फील्ड वाचायचंच नाही.

धुणं साधं आहे. पीबीएसने आधी ओघळून, मग बुडवून 3 ते 5 मिनिटं, पुन्हा ओघळून, नव्या पीबीएसमध्ये पुन्हा 3 ते 5 मिनिटं. पीएच 7.2 ते 7.6. इथेही जनावरागणिक जार वेगळा.

माउंटिंगला, म्हणजे द्रवाचा थेंब टाकून कव्हरस्लिप लावण्याला, मात्र थोडं थांबू. कित्येक ठिकाणी 'चमक कमी येते' म्हणून नवं कॉन्जुगेट मागवतात, आणि दोष असतो ग्लिसरॉलच्या बाटलीत. फिटसीची चमक पीएचवर अवलंबून असते. पीएच 8.5 च्या वर रंग पूर्ण तेजाने उजळतो, 7 च्या आसपास बराच मंदावतो, आणि आम्लात जवळजवळ विझतो. म्हणून माउंटिंग द्रव ट्रिस-बफर सलाइनमध्ये पीएच 9.0 ला करतात: 80 मिलिलिटर ट्रिस सलाइन, 20 मिलिलिटर ग्लिसरॉल. ही बाटली महिनोन्‌महिने उघडझाप होत राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच खाली येतो. शिवाय ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, त्यामुळे फ्रीजमधून काढलेल्या थंड बाटलीत मोजलेला आकडा फसवा असतो. खोलीच्या तापमानाला आणून मोजा, आठवड्यातून एकदा तरी. आता ग्लिसरॉल 20 टक्केच का? काही कॉन्जुगेटच्या बाबतीत जास्त ग्लिसरॉलमध्ये ठिपक्यांची चमक झपाट्याने उतरते. जुन्या पुस्तकांतून आलेलं 50 किंवा 90 टक्क्यांचं मिश्रण अजूनही काही कपाटांत सापडतं. पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटिबॉडींच्या मिश्रणाच्या, कॉन्जुगेटच्या काळात ते खपून जायचं. 20 टक्क्यांचा तोटा एवढाच की स्लाइड लवकर सुकते. कव्हरस्लिप लावल्यापासून दोन तासांत वाचून मोकळं व्हायचं. 'उद्या वाचू' ही सोय या टेस्टमध्ये नाही.

कंट्रोलशिवाय बॅच लावू नये हे सांगायची गरज नसावी: एक ठाम पॉझिटिव्ह मेंदू, एक ठाम निगेटिव्ह, दोन्ही त्याच दिवशी, त्याच अ‍ॅसिटोनच्या बाटलीतून, त्याच कॉन्जुगेटने. आपल्याकडे ज्याचा वापर कमी होतो तो तिसरा कंट्रोल. हे दुसरं एक कॉन्जुगेट: त्यातल्या अँटिबॉडीला रेबीजशी देणंघेणं नसतं, पण जात तीच, सांद्रता तीच आणि फिटसीचं प्रमाणही तेच. संशयी नमुन्याच्या जादा स्मिअरवर हे टाकायचं. इथेही चमकलं तर ती चमक विषाणूची नाही, अँटिबॉडीच्या चिकटेपणाची आहे.

कॉन्जुगेट किती पातळ करून वापरायचं, हे बाटलीवरच्या आकड्यावर सोडू नका. प्रत्येक नवा लॉट आला की आपल्या मायक्रोस्कोपवर, आपल्या भागातल्या कुत्र्याच्या पॉझिटिव्ह मेंदूवर दुपटीने पातळ करत टायट्रेशन करायचं: 1:10, 1:20, 1:40, 1:80, 1:160. समजा 1:80 पर्यंत चार प्लस (सगळ्यात झगझगीत) चमक राहिली आणि 1:160 ला उतरली, तर कामासाठी 1:40 घ्यायचं. एक पायरी हातची राखायची. लॅम्प म्हातारा होतो, साठवलेलं कॉन्जुगेट थोडं मंदावतं, आणि कमी प्रोटीन असलेला मेंदू नेमका त्याच आठवड्यात येतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या अँटिबॉडीची कॉन्जुगेट प्रत्येक नमुन्यावर वापरता आली तर उत्तम. मोनोक्लोनल अँटिबॉडी प्रोटीनचा एक छोटा कोपरा ओळखते. विषाणूत तो कोपरा बदललेला असेल तर तिला काहीच दिसत नाही. दोघींना एकदम चुकवणं विषाणूला कठीण.

बरेच जण विचारतात, कॉन्जुगेट घरीच का करू नये? करता येतं. अँटिबॉडी 2 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, पीएच 9 च्या कार्बोनेट बफरमध्ये, प्रति मिलिग्रॅम सुमारे 50 मायक्रोग्रॅम फिटसी थोडंथोडं टाकत, अंधारात, 4 अंशावर रात्रभर. मग सेफाडेक्स जी-25 च्या कॉलममधून सुटं फिटसी वेगळं करायचं. फिटसी अँटिबॉडीच्या लायसिनला जोडलं जातं, त्यामुळे बफरमध्ये ट्रिस किंवा सोडियम अझाइड असेल तर रंग तिकडेच खर्च होतो. रंग किती जोडला गेला ते 495 आणि 280 नॅनोमीटरचं शोषण मोजून कळतं: 495 चा आकडा गुणिले 2.77, भागिले 280 चा आकडा वजा 495 च्या आकड्याचे 0.35 पट. उत्तर 3 ते 6 च्या दरम्यान हवं. त्याहून कमी असेल तर चमक अपुरी. खूप जास्त असेल तर रंगाचे रेणू एकमेकांचीच चमक गिळतात आणि अँटिबॉडी वाट्टेल तिथे चिकटायला लागते. हे सगळं शिकायला छान आहे. रोजच्या निदानासाठी मात्र तपासलेलं, विकत मिळणारं कॉन्जुगेट घ्यावं, कारण घरच्या प्रत्येक बॅचची परीक्षा घ्यायला लागणारे पॉझिटिव्ह मेंदू कुठल्याच लॅबकडे पुरेसे नसतात.

आता मायक्रोस्कोप. आधी 200 पटीवर, संशय आला की 400 वर. ब्रेनस्टेम आणि सेरेबेलम दोन्हींची मिळून घाईघाईने दहा फील्ड बघून उठायचं नाही, प्रत्येक स्लाइडची किमान 40. शक्यतो दुसऱ्या माणसानेही, पहिल्याचा निकाल न बघता. खोली खरोखर अंधारी हवी आणि डोळ्यांना पाच-दहा मिनिटं द्यावीत. मोबाइल बघून थेट आयपीसला डोळा लावला की दोन प्लसची चमक दिसतच नाही. पाऱ्याचा दिवा 200 ते 300 तासांनंतर बदलायचा, जळतोय म्हणून चालवत राहायचा नाही. तास लिहायची वही दिव्याशेजारीच टांगा. एलईडीवाल्यांना ही कटकट नाही.

खरी इन्क्लुजन, म्हणजे पेशीत साचलेला एन प्रोटीनचा गोळा, कशी दिसते? आकार रव्याच्या कणापासून साबुदाण्यापर्यंत, एकाच फील्डमध्ये सगळे एकत्र, आणि मागे धुळीसारखी बारीक पोपटी भुकटी. गोल, लांबट, कधी चेतातंतूच्या बरोबर ओळीने. मोठ्या गोळ्याची कड गुळगुळीत आणि जळजळीत, मध्यभाग किंचित फिका. फोकसचं चक्र थोडं पुढेमागे केलं की ती पेशींच्याच पातळीवर सापडते. ही शेवटची खूण सोन्यासारखी आहे. ऊतकाच्या वर तरंगणारा, वेगळ्या फोकसला उजळणारा एकुलता एक ठिपका दिसला, तर तो बहुधा गाळलेल्या कॉन्जुगेटमधून निसटलेला गठ्ठा किंवा दुसऱ्या स्लाइडवरून आलेला पाहुणा.

मोजायच्या गोष्टी दोन, आणि त्यांची सरमिसळ करायची नाही. एक चमकेची तीव्रता, दुसरी ठिपक्यांचा पसारा. पसारा चार प्लस म्हणजे लहानमोठ्या इन्क्लुजनची खच्चून गर्दी जवळजवळ सगळीकडे. तीन प्लस म्हणजे जवळजवळ प्रत्येक फील्डमध्ये काही ना काही. दोन प्लस म्हणजे 10 ते 50 टक्के फील्डमध्ये. एक प्लस म्हणजे 10 टक्क्यांहून कमी फील्डमध्ये, तेही मोजकेच. तीव्रता कंट्रोलशी ताडून: चार प्लस कंट्रोलइतकीच झगझगीत, पुढे उतरत जाते. तीव्रता तीन किंवा चार प्लस, आकार नेहमीचा आणि पसारा भरपूर, तर पॉझिटिव्ह, चर्चा नको. तीव्रता दोन प्लस किंवा कमी असेल, किंवा चमक चांगली पण पसारा एकच प्लस असेल, तर ताज्या स्मिअर काढून, दोन्ही कॉन्जुगेट आणि तिसरा कंट्रोल लावून पहिल्यापासून पुन्हा. कमजोर चमकेला 'कमजोर पॉझिटिव्ह' म्हणायचा मोह टाळा, तशी वर्गवारीच नाही.

फसवणाऱ्या चमका ओळखीच्या झाल्या की भीती जाते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या चेतापेशीत लिपोफ्युसिन हे वयाबरोबर येणारं रंगद्रव्य साचतं, ते सोनेरी-पिवळं चमकतं. लाल पेशी मळकट हिरवट दिसतात, सगळ्या एकाच आकाराच्या. सडलेल्या मेंदूत जिवाणू असतात. त्यात स्टॅफिलोकोकस असेल तर त्याच्या भिंतीतलं प्रोटीन-ए बऱ्याच प्रकारच्या आयजीजीचं (नेहमीच्या अँटिबॉडीचं) शेपूट पकडतं, मग ती अँटिबॉडी कशाविरुद्ध आहे याच्याशी त्याला काय. द्राक्षाच्या घडासारखे एकाच मापाचे गोल दिसले की समजावं. तिसरा कंट्रोल त्यांनाही उजळवतो आणि भांडं फुटतं. इथे एक सल्ला: मायक्रोस्कोपला बँडपास आणि लाँगपास असे दोन्ही उत्सर्जन फिल्टर असतील तर संशयाच्या वेळी लाँगपास लावून बघा. बँडपासमध्ये फक्त हिरवाच पट्टा येतो, त्यामुळे लिपोफ्युसिनही हिरवं दिसतं. लाँगपासमध्ये ते आपल्या खऱ्या पिवळ्या रंगात येतं. मागची पेशी लालसर दिसावी म्हणून कॉन्जुगेटमध्ये थोडं इव्हान्स ब्लू घालतात. ते हात सैल सोडून घातलं तर लाल इतका गडद होतो की बारीक भुकटी त्यात बुडून जाते, आणि पुन्हा तोच खोटा निगेटिव्ह.

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप जिथे नाही तिथे डीआरआयटी, म्हणजे डायरेक्ट रॅपिड इम्युनोहिस्टोकेमिकल टेस्ट. अँटिबॉडी तशीच एन प्रोटीनविरुद्धची, पण लेबल वेगळं: फिटसीऐवजी बायोटिन. स्मिअर हवेत सुकवून 10 टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये 10 मिनिटं, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये 10 मिनिटं, बायोटिनवाली अँटिबॉडी 10 मिनिटं, स्ट्रेप्टॅव्हिडिन-पेरॉक्सिडेज 10 मिनिटं, मग एईसी हा रंगद्रव्याचा द्रव 10 मिनिटं, शेवटी पातळ हेमॅटॉक्सिलिन 2 मिनिटं. मधल्या प्रत्येक पायरीनंतर ट्वीन घातलेल्या पीबीएसने धुवायचं. निळसर पेशींवर लाल-किरमिजी ठिपके, साध्या मायक्रोस्कोपखाली, सगळं तासाभरात. पेरॉक्साइडची पायरी लोकांना फालतू वाटते. तीच वगळली तर मेंदूतल्या रक्तातलं स्वतःचं पेरॉक्सिडेज एईसीला लाल करतं आणि सगळीच स्लाइड लाल. उलट स्लाइड अजिबातच लाल होत नसेल, पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा, तर पहिला संशय सोडियम अझाइडवर घ्या. फिटसीच्या कामातलं जुनं, बुरशी येऊ नये म्हणून अझाइड घातलेलं पीबीएस कुणीतरी इथे वापरलेलं असतं, आणि अझाइड पेरॉक्सिडेजचा गळाच घोटतं. एईसी अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून सवयीने स्लाइड अल्कोहोलमधून काढून डीपीएक्स हे नेहमीचं, पाण्यात न मिसळणारं माउंटिंग लावू नका. पाण्यात मिसळणारं माउंटिंगच हवं. तयार केलेला एईसीचा द्रव दोन-तीन तासच चालतो.

पट्टीवाल्या झटपट टेस्टही आहेत, त्यांतही लेबल लावलेल्या अँटिबॉडीच असतात, पण मेंदूच्या लगद्यात प्रोटीन कमी असेल तर त्या चुकतात. असं चुकणं केसेस कमी असलेल्या भागात जास्त महागात पडतं. गोवा राज्य 2021 मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, त्यामागे वर्षानुवर्षं कुत्र्यांचं घरोघर आणि गल्लोगल्ली लसीकरण होतं, आणि त्याच्या जोडीला संशयित कुत्र्यांच्या मेंदूची तपासणी. केसेस कमी होत जातात तसतसा लॅबवरचा भार हलका होईल असं वाटतं. होतं उलटं. शंभरातले साठ पॉझिटिव्ह येत होते तेव्हा एखादा खोटा निगेटिव्ह साथीच्या चित्रात फारसा फरक पाडत नव्हता. वर्षात दोनच पॉझिटिव्ह येणार असतील तर त्यातला एक सुटणं म्हणजे निम्मी साथ न दिसणं.

रिपोर्टवर मग काय लिहायचं? आमच्या मते तीनच शब्दप्रयोग पुरेत. 'पॉझिटिव्ह', कुठल्याही भागात खात्रीची चमक दिसली तर, नमुना कसाही असो. 'निगेटिव्ह', ब्रेनस्टेमचा पूर्ण काप आणि सेरेबेलम दोन्ही मिळाले, ओळखता आले, ताजे होते, कंट्रोल बरोबर चालले आणि काही दिसलं नाही, हे सगळं एकत्र असेल तरच. बाकी सगळं 'तपासणीस अयोग्य', आणि पुढे कारण: सडलेला, ब्रेनस्टेम नाही, भाग ओळखता येत नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरला 'अयोग्य' हा शब्द आवडत नाही. फोन येतात, 'निगेटिव्हच ना म्हणजे?' म्हणून. नाही. चावलेल्या माणसाने जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लस आणि गरज असेल तर सीरम घ्यायचं ते रिपोर्टची वाट न बघताच. रिपोर्ट बघून लस थांबवायची की नाही हा प्रश्न डॉक्टरचा, आणि 'अयोग्य' वाचून लस कुणी थांबवणार नाही. 'निगेटिव्ह' वाचून थांबवेल.

उरलेला मेंदू लगेच टाकू नका. निम्मा उणे 80 वर, नसेल तर उणे 20 वर, जनावराचा नंबर आणि भागाचं नाव लिहून. पुन्हा तपासणीची किंवा पीसीआरची वेळ आली, तर पिशवीवर 'ब्रेनस्टेम' लिहिलेलं असणं हाच त्या वेळचा आधार असतो. साध्या मार्करची शाई उणे 80 ला निघून जाते. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या पिशवीच्या आत ठेवा.